निवडणारीचा शब्द

"गुरुवारी मी जाणार नाही, ताई. ऑपरेशन रद्द!" कोट न काढताच रोझविता स्वयंपाकघरातल्या बाकावर बसली. "मी बांडगुळाची इंजेक्शनं घेणार. तूच सांगतेस ना, उल्म शहरातली ती बाई बरी झाली म्हणून?"

हेर्टाच्या हातातली किटली तशीच राहिली. गावाबाहेरच्या औषधांच्या कारखान्यात ती बावीस वर्षं बांडगूळ निवडत होती. सफरचंदाच्या झाडांवरून उतरवलेल्या फांद्या टेबलावर यायच्या. सुकलेली पानं काढायची, चिकट पांढरी फळं वेगळी करायची. पुढे निवडलेल्या बांडगुळाच्या अर्काची इंजेक्शनं कॅन्सरच्या रोग्यांना जायची. उल्मच्या बाईची गोष्ट तिने जेवणाच्या सुट्टीत ऐकली होती आणि घरी, शेजारी, चर्चच्या कॉफीला रंगवून सांगितली होती. लोक कौतुकाने ऐकायचे. पानं निवडणाऱ्या बाईचं एवढं कौतुक एरवी कोण करणार?

"बघू," ती कशीबशी म्हणाली.

रात्रभर तिचा डोळा लागला नाही. सकाळी ती आयुष्यात पहिल्यांदा कारखान्याच्या वरच्या मजल्यावर गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं.

"बहिणीच्या छातीतली गाठ किती मोठी?"

"अक्रोडाएवढी."

"मग ती काढायलाच हवी. इंजेक्शनं सोबत घेता येतात, काहींना त्यांनी बरं वाटतं. पण ऑपरेशनच्या ऐवजी नाही, हेर्टाबाई."

"आणि उल्मची बाई?"

"कोण उल्मची?"

संध्याकाळी हेर्टा बहिणीच्या दारात उभी राहिली.

"रोझी, मला काही माहीत नाही ग. मी नुसती पानं निवडते. त्या बाईला मी कधी पाहिलं नाही. तिचं ऑपरेशन झालं होतं की नाही, तेही कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नाही."

"म्हणजे बावीस वर्षं थापा मारल्यास?"

"ऐकलेलं सांगितलं. माझा रुबाब वाढत होता, म्हणून सांगितलं."

"आणि मी त्यावर जीव टांगून बसले!" रोझविताने दार लावून घेतलं.

गुरुवारी सकाळी सहा वाजता हेर्टाने गाडी बहिणीच्या घरापुढे आणून उभी केली. खिडकीत उजेड नव्हता. सव्वासहा झाले. साडेसहा. काचेवर बर्फ धरत होतं. आपल्या बोलण्याने ती घरातच राहिली तर? मग दार उघडलं. रोझविता बॅग घेऊन आली, मागच्या सीटवर बसली आणि इस्पितळ येईपर्यंत खिडकीबाहेरच बघत राहिली.

गाठ निघाली. काखेतून काढलेल्या गाठींच्या तपासणीचा निकाल सोमवारी कळणार होता. तोवर कुणी काही सांगत नव्हतं, आणि हेर्टाने कुणालाही विचारायचं सोडलं नव्हतं.

शनिवारी हेर्टा इस्पितळात गेली तेव्हा रोझविता उशीला टेकून बसली होती. डावा हात वर होत नव्हता, केस पिंजारलेले. हेर्टाने फणी घेतली आणि मागे उभी राहून हळूहळू गुंता सोडवू लागली.

"एवढं ओढू नकोस," रोझविता म्हणाली.

"नाही ओढत," हेर्टा म्हणाली, आणि केसांची बट मुळाशी चिमटीत धरून खालून विंचरू लागली.