‘भ’ संपला तेव्हा

राष्ट्रगीत लिहिलं कुणी, यावरून शाळेच्या मास्तरांची लेक आणि बँडमास्तरांचा मुलगा यांच्यात हाडवैर होतं. दोघांकडे आपापल्या वडिलांच्या हातचा कागद होता, आणि दोन्ही कागदांत ‘भाग्याची पहाट’ लिहिलेलं होतं. अख्खा देश मात्र ‘आपुली पहाट’ गात होता. गाण्याशी शब्द जुळत नाही म्हणून दोघंही समोरच्याचा कागद खोटा म्हणत; आपलाही जुळत नाही, हे मात्र कुणी बोलत नसे.

शेवटी सरकारी दफ्तरखान्यातल्या बाई जुन्या छापखान्याच्या शेवटच्या जुळाऱ्याकडे आल्या. त्याने आयुष्यभर छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवले होते. आता तो खिडकीत बसून वाटाणे सोलत होता.

“तो ‘आपुली’ शब्द माझा,” तो शांतपणे म्हणाला.

बाईंचं पेन थांबलं. जुळाऱ्याची बायको तेव्हा बाजाराला गेली होती.

“गाणं छापायला आलं, त्या दिवशी एका प्रदर्शनाची जाहिरात जुळवून ठेवली होती. भव्य मांडव, भव्य सवलत, भव्य बक्षिसं! छापखान्यातले सगळे ‘भ’ त्या जाहिरातीनेच खाल्ले. गाण्याला एकही उरेना. मग मी ‘आपुली’ बसवलं. बँडमास्तरांनी प्रूफ गुणगुणून पाहिलं, म्हणाले, ‘गळ्याला बरं बसतंय, राहू दे.’ मास्तर जरा फुरंगटले, पण मग तेही हसले.”

“आणि बाकीचं गाणं?”

“माझ्यासमोरच भांडत लिहिलं दोघांनी. पेन्सिल एकच. ओळ एकाची, तर खोडाखोड दुसऱ्याची. शेवटी दोघांनी आपापल्या हाताने एकेक प्रत उतरवून घरी नेली. आता कुणाचं किती, ते त्यांना तरी कुठे ठाऊक होतं?”

आठवड्याभरात बाईंना दफ्तरात, गाणं छापलं त्याच तारखेची ती जाहिरात सापडली. राष्ट्रगीताच्या सरकारी समितीने गाण्याला दोन्ही नावं लावायचं ठरवलं. समितीपुढे लेक आणि मुलगा एका बाकावर बसले. तोंडं वाकडी होती, पण बसले.

“तुमचंही नाव घालू या,” बाई पुन्हा जुळाऱ्याकडे येऊन म्हणाल्या.

“नको हो! जुळारी मनाने शब्द बदलतो हे कळलं, तर लोक आपल्या जुन्या लग्नपत्रिका तपासायला काढतील.”

बाई हसत जिना उतरल्या. आतून सगळं ऐकत आलेली बायको मात्र कमरेवर हात ठेवून उभी होती.

“चाळीस वर्षं संसार केला, आणि मला हे आज कळतंय?”

“तू कधी विचारलंस?”

तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. दुपारपर्यंत सगळ्या इमारतीला कळलं, आणि एकेक शेजारी दारात डोकावू लागला. जुळाऱ्याने वाटाण्याची परात बाजूला सारली आणि मोठ्या खुशीत चहाचं आधण ठेवलं.