धाकटीचं काम

भोक अगदी बारीक होतं, गुलाबी रबरी हातमोज्याच्या अंगठ्यापाशी, पण तिखटाला तेवढं पुरेसं होतं. हेरिमने हात बाहेर काढला नाही, किमचीसाठी कोबीच्या पानापानांत लाल मसाला दाबत राहिली… जळू दे. सकाळपासून ती आतून नुसती पेटली होती, आणि तरी झाकणं ठेवताना आवाज होऊ नये म्हणून जपत होती. कुणासाठी? घरात चिटपाखरू नव्हतं. सगळी मंडळी झुकिनीच्या शेतावर तोडणीला गेली होती.

सकाळी तोडणीला निघताना खोलीतल्या दोयॉनने सांगितलं, एका पायात बूट, दुसरा हातात. "हेरिम, तुझं हे धरत नाहीत गं."

"काय धरत नाहीत?"

"स्वयंपाक! दुसऱ्या वर्षाच्या व्हिसासाठी शेतातलं काम लागतं, तीन महिने. तोडणी, छाटणी, पॅकिंग. तोडणाऱ्यांना रांधून घालणं त्यात बसत नाही. काल मी पुन्हा वाचलं… तुला ठाऊक असेल असंच वाटत होतं मला." बाहेर व्हॅनचा हॉर्न वाजला आणि ती तशीच, बूट हातात घेऊन पळाली.

पुढच्या महिन्यात हेरिमचा व्हिसा संपत होता. आता तीन महिने कुठून आणायचे? संपला की परत कोरिया, गुमी शहर, आईचं घर, सरकारी नोकरीच्या परीक्षेची तिसरी खेप, अभ्यासिकेतलं ते खुराडं — दोन्हीकडे फळ्या, समोर फळी — आणि जेवताना आईचं न बोलणं. तिला ऑस्ट्रेलियात जन्म काढायचा नव्हता. आणखी एक वर्ष हवं होतं, कुणी निकाल विचारणार नाही असं. एवढंच. आणि तेवढंही तिने कोबीत घालवलं होतं.

घालवलं की घालवायला लावलं? पहिल्या आठवड्यात तीही शेतात होती, कंबर मोडेस्तोवर वाकत होती. मग एका रविवारी तिने सोयाबीनच्या पेस्टचं सूप केलं आणि ग्वांगहोने — मजूर पुरवणारा, घर त्याचं, व्हॅन त्याची, सगळ्यांनी त्याला दादा म्हणायचं — वाटी चाटूनपुसून संपवली. "आपल्यात सगळ्यात धाकटी कोण रे?" त्याने हसत विचारलं होतं. कुणी तिच्याकडे बोटसुद्धा दाखवलं नाही. गरजच पडली नाही, कारण ती आपणहून उठली होती. वाट्या गोळा करायला लागली होती… मी का उठले? कुणी म्हटलं होतं ऊठ म्हणून? धाकट्याने उठायचं, धाकट्याने वाढायचं, मोठ्याने चमचा उचलेपर्यंत हात मांडीवर ठेवायचे — समुद्र ओलांडून आले, आणि हे सगळं तसंच्या तसं बरोबर घेऊन आले! "हेही शेतावरचंच काम, पोरी," तो म्हणाला होता. तिने मान लववून आभार मानले होते. आभार! आता नुसतं आठवलं तरी तिच्या तळपायाची आग मस्तकात जात होती.

दुपारी ग्वांगहो एकटाच जेवायला आला. तिने त्याच्यापुढे भात ठेवला आणि उभ्या उभ्याच विचारलं. आवाज कापला, त्याचाही तिला राग आला.

"हात्तिच्या!" तो म्हणाला. "एवढंच? तोंड बघ, जसं कुणी गेलंय. अगं, मी लिहून देतो ना. सगळे दिवस झुकिनीवर होतीस. पगाराच्या पावत्याही तशाच करतो."

"पण मी नव्हते."

"कुणाला कळतंय? आणि नाहीतरी काय, घरचंच तर काम. ते कोण लिहितं?"

सुटका समोर वाढून ठेवली होती. दादाने दिलेली. तिची मान सवयीने लवायला निघाली आणि मानेतच कुठेतरी अडली. घरचंच काम… सरकार म्हणतं हे काम नाही. हा म्हणतो काम नाही. आई जन्मभर हेच करत आली आणि कुणी विचारलं तर म्हणते, मी काही करत नाही. मग पहाटे अंधारात भात कुणी लावला? ते डबे कुणाच्या हातांनी भरले? या माणसाच्या कागदावर मी वाकून झुकिनी तोडत असेन, आणि या ओट्यापाशी कुणीच उभं नसेल. एक सबंध वर्ष मिळेल, फक्त हे नव्हतंच म्हणायचं. मी किती स्वस्तात…

"व्हिसाच्या ऑफिसातून फोन आला तर अडखळू नकोस म्हणजे झालं," ग्वांगहो किमचीचा घास तोंडात कोंबत म्हणाला. "चल, मी साहेब. काय काम करत होतीस?"

"स्वयंपाक."

तो खो खो हसला. "वेडी! पुन्हा. काय काम करत होतीस?"

तिला गुमी दिसलं, ती फळी दिसली, भीतीही वाटली. राग मात्र आता धगधगत नव्हता. तो खाली बसला होता, पोटात, जड आणि आपला.

"स्वयंपाक," ती म्हणाली. "वीस माणसांचा."

तो हसायचा थांबला. "हे बघ, मी तुझ्याच भल्यासाठी विचारतोय. शेवटचं. काय काम करत होतीस?"

तिने ओला हात ओट्यावर टेकवला. उत्तर तिच्याजवळ तयार होतं, तेच. ते दिल्यावर काय होईल, हे तिला माहीत नव्हतं.