पंगतीतली एकादशी

अश्विनची काठी सुटेपर्यंत एकही एकादशी मोडायची नाही, धान्याचा कण तोंडात घालायचा नाही, असं मी अकोल्याच्या दवाखान्यात बोलले होते. आत त्याच्या मांडीच्या हाडाला धातूची पट्टी बसवणं चालू होतं. माझे वडील वरूडचे माळकरी. त्यांच्याच विठोबाला हात जोडून बोलले.

त्याच वेळी व्हरांड्यात आमचे हे दुसरंच काही बोलत होते. बार्शीटाकळीच्या रस्त्यावर अश्विनची गाडी घसरली, तेव्हा त्याला उचलून ट्रकमध्ये घालून आणलं ते एका सरदारजींनी. पोरगा शुद्धीवर येईपर्यंत ते हललेसुद्धा नाहीत. त्यांच्यासमोर ह्यांनी शब्द दिला : पोरगा उभा राहिला की आम्ही तिघं नांदेडला येऊ, गुरुद्वाऱ्यात माथा टेकू आणि एका पंगतीत बसून लंगर जेवू.

पाय एकच, नवस दोन. पण दोन्हींचं भांडण होईल, असं तेव्हा मला कुठं वाटलं?

गाडीचं रिझर्व्हेशन शनिवारचं होतं. मी कॅलेंडर बघूनच हो म्हटलं होतं. एकादशी शुक्रवारी. ती मी नीट केली. शनिवारी द्वादशी, तेव्हा पारणं लंगरातच फेडू, म्हणजे दोन्ही देवांचा मान राहील. मनातल्या मनात मी फार खूश होते.

अकोल्याहून गाडी सुटली. समोरच्या बाकावर माणिकबाई म्हणून एक बाई होत्या, गळ्यात तुळशीची माळ. हिंगोलीला लेकीकडे निघाल्या होत्या. ह्यांनी त्यांच्यापुढे बिस्किटं धरली.

"नाई भाऊ, आज एकादशी हाये माही."

मी म्हटलं, "एकादशी तर काल झाली ना वो?"

"काल स्मार्तायची होती, बाई. आज भागवत एकादशी. माळकरी आजची धरतात. तुमच्या घरी कोनती धरतात?"

आमच्या घरी! लग्न होऊन राजापेठेत आल्यापासून मी कॅलेंडरवर एकादशी दिसली की उपास धरते. एरवी दोन्ही एकाच दिवशी येतात, म्हणून कधी विचारच करावा लागला नाही. पण वडील भागवत एकादशीच धरायचे. वर्षातून कधी असा दोन दिवसांचा घोळ आला, की शेजारच्या काकू आदल्या दिवशी उपाशी आणि आम्ही दुसऱ्या दिवशी, हे आता आठवलं. आणि मी नवस केला तो वडिलांच्या विठोबाला. मग एकादशीही वडिलांचीच मोजायची की काय? म्हणजे ती कालची नव्हे, आजची.

"अवं, कालची केली ना तू?" हे म्हणाले. "झालं मंग. देव काय कॅलेंडर घिऊन बसला का?"

"तुमीच तं म्हनता, शब्द म्हंजे शब्द."

"तो मानसाले देल्ला व्हता. मानूस लक्षात ठेवते."

"अन् देव नाई ठेवत?"

ह्यांनी बिस्किटांचा पुडा पिशवीत टाकला. अश्विन हसला. "बाबा, हारले तुमी." मग काठी मांडीवर आडवी घेऊन म्हणाला, "तुमच्या दोघाईच्या नवसात माहा पाय अटकला पन."

मी हसले नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पुढचा एक्स-रे फोटो काढल्याशिवाय काठी सोडायची नाही. पडला तर पुन्हा पाय उघडावा लागेल. माझ्या हातून आज चूक झाली आणि त्या फोटोत काही वाईट निघालं तर? आणि नाही जेवले, ह्यांचा शब्द मोडला, आणि त्यानं काही वाईट झालं तर? हिंगोली आली, माणिकबाई उतरल्या, तरी माझं काही ठरेना.

गुरुद्वाऱ्यात चपला ठेवल्या, पाय धुतले, डोक्यावर पदर घेतला. आत पाठ चालू होता. शब्द कळत नव्हते, पण माथा टेकला तेव्हा मन क्षणभर शांत झालं. बाहेर येताना ओंजळीत कडाह प्रसाद पडला. तुपातला, गरम, आपल्या कणकेच्या शिऱ्यासारखा. कपाळाला लावला आणि तशीच मूठ धरून उभी राहिले. तूप मनगटापर्यंत ओघळलं. प्रसाद टाकवत नाही, खाववत नाही. अश्विननं माझी मूठ उघडली आणि त्यातला प्रसाद खाऊन टाकला.

लंगराकडे जाताना मी ह्यांना हळूच म्हटलं, "तुमी दोघं जेवा. मी भांडे घासाची सेवा करतो."

"तिघं म्हटलं व्हतं मी." हे एवढंच बोलले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

म्हणून बसले पंगतीत. लांबलचक पट्ट्या अंथरलेल्या. मधे मी, एका बाजूला हे, एका बाजूला अश्विन. ताटात डाळ पडली, भाजी पडली. पोळ्यांची टोपली घेऊन एक म्हातारे सेवादार आले. "परशादा जी." पोळीलाही तिथे प्रसादच म्हणतात, आणि ती दोन्ही हात पुढे करून घ्यायची असते. घेतली. मग अश्विनला म्हटलं, "तुह्या ताटात घे बाबू. कोनाले दिसनार नाई."

"आई, देवाले दिसन ना."

"थट्टा नोको करू."

"थट्टा नाई करून राहिलो." त्याचा चेहरा एकदम उतरला. "घरी तू उपाशी राह्यली का मले वाटते, माह्यामुळं. काठी हातात घेतो तं लाज वाटते. काठी सुटली का तुहा उपास सुटते ना? मंग घे."

भिंतीला हात लावून तो उठला. काठी खालीच राहिली. फरशी नुकतीच पुसलेली, ओली. भिंत सोडून तो पंगतींच्या मधून चालू लागला. एक पाऊल, मग दुसरं. दुखरा पाय थरथरत होता.

"अश्विन, बस खाली!" हे म्हणाले. तो थांबेना.

मी पोळीचा तुकडा मोडला, डाळीत बुडवला आणि तोंडात घातला. भरल्या तोंडानंच ओरडले, "खाल्लं मी! पाह्य इकडं! ये वापस, काठी घे!"

सगळी पंगत आमच्याकडे बघू लागली. अश्विन वळला. हे काठी घेऊन धावले. त्यांच्या खांद्याला धरून तो परत आला, बसला, आणि मान खाली घालून जेवू लागला. 

"काठी अगोदर सुटली, घास मंग गेला," हे म्हणाले. डोळे पुसत होते. "मी पाह्यलं. तुहा नवस फिटला."

"पन मीच तं पुन्हा धरायले लावली."

"ते येगळं."

कसं वेगळं? त्याची काठी सुटली की त्यानं ती माझ्यासाठी टाकली? उपास मी मोडला की त्याआधीच सुटला होता? कुठल्या देवाला काय सांगायचं, ते मला तिथे बसून कळेना. एवढंच कळत होतं की तो माझ्या शेजारी बसलाय, त्याचं हाड शाबूत आहे, आणि मला सपाटून भूक लागली आहे.

ते सेवादार पुन्हा फिरत आले. काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाले, "परशादा जी."

मी हात पुढे केले, दोन्ही.