जांभळ्या विंचवाबरोबर आईचा फोटो

नाट्यशाळेत चार वर्षं घासल्यावर मला सिनेमात भूमिका मिळाली ती पिशाच्चांच्या राणीची. पुठ्ठ्याच्या शवपेटीतून उठायचं, दोरीला टांगलेल्या वटवाघळांना हुकूम सोडायचे आणि शेवटी जांभळ्या विंचवाकडून मार खायचा. जांभळा विंचू म्हणजे आमचा नायक, मुखवटेवाला पैलवान. तो झोपेतसुद्धा मुखवटा काढत नाही, अशी अख्ख्या मेक्सिकोची श्रद्धा.

पुएब्लाहून आई शूटिंग बघायला आली. माझं नव्हे, त्याचं.

त्या दिवशी जिन्यावरून गडगडत खाली यायचा सीन होता. हाडं मोडायची कामं नायक करत नाहीत, म्हणून मुखवटा चढवून उभा होता रामिरो नावाचा टॅक्सीवाला. खरा विंचू कोपऱ्यात उघड्या चेहऱ्याने तमाल, म्हणजे मक्याच्या पानात उकडलेला सारणाचा उंडा, खात बसला होता. तो कोण हे बाहेरच्या माणसाला सांगायचं नाही, असा आमच्या धंद्याचा दंडक.

आईने टॅक्सीवाल्याचे हात हातात घेतले, डोळे पुसले आणि कॅमेरा नेमका खऱ्या विंचवाकडे दिला.

"अरे बाबा, खाणं कुठे पळून जात नाही. आधी आमचा फोटो काढ. आणि हात हलवू नकोस."

विंचवाने मुकाट्याने तमाल खाली ठेवला. बिचाऱ्याचं तोंड बघून मी पिशाच्चाच्या दातांसकट हसत सुटले.

त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. "सेन्योरा, मुलीलाही घेऊ ना फोटोत?"

"नको रे," आई टॅक्सीवाल्याला आणखी बिलगत म्हणाली. "तिचं सगळं नाटक असतं. हा माणूस तरी खरा आहे."