तळघरातली खिडकी

“बोलत राहा गं, बोलत राहा. आवाज येऊ दे तुझा.”

आईचा हा आवाज लहानपणापासून तिच्या कानात मुक्कामाला होता. मागच्या अंधाऱ्या खोलीतून काही आणायला पाठवलं की आई स्वयंपाकघरातून अशी हाक देत राही, आणि ती पोर डब्यांशी, केरसुणीशी, कोपऱ्यातल्या काळोखाशी मोठमोठ्यानं बोलत सुटे. पुढं आईचा आवाज, मागं तिचा; त्या दोन आवाजांची दोरी धरून ती उजेडात परत येई.

आज, स्वतःच आखलेल्या इमारतीच्या तळघरात, बंद दारापुढं उभं राहून तिनं तशीच हाक मारली. “वहिनी, बोलत राहा गं.” आणि तिच्या ध्यानात आलं की या दारातून ती दोरी पलीकडं जातच नाही. जनावरं आवाजाला भितात म्हणून तिनंच भिंती जाड केल्या होत्या, आत कापसासारखं अस्तर भरलं होतं. उंदरांचा विचार झाला होता. माणसाचा राहून गेला होता.

आत तिची वहिनी होती. वहिनी या संशोधन संस्थेत औषधांच्या चाचण्या करायची. उंदरांना टोचायचं, पाहायचं आणि काम झालं की त्यांना संपवायचं, हे तिचं रोजचं काम. नवी इमारत उभी राहिली की या खोलीत तीच बसणार होती. तिच्या या नणंदेनं, म्हणजे इमारतीच्या आर्किटेक्टनं, आराखड्यात कॉरिडॉरकडं एक खिडकी ठेवली होती. ती बुजवा, असा संचालकांचा आग्रह होता. तेव्हा तिनं एकच अट घातली. आधी खिडकीच्या जागी जाड फळ्या ठोकू, बसणाऱ्या माणसाला आत खरोखरचं काम करून पाहू दे, मग विटा लावा. कुठल्याही इमारतीत ती असंच करी. कागदावरच्या खोलीवर तिचा भरवसा नव्हता.

उंदीर अजून आणता येणार नव्हते. म्हणून त्यांच्याऐवजी हाताळायला तिनं घरी बसून उंदराएवढ्या कापडी पिशव्या शिवल्या आणि वाळूनं भरल्या. हातात घेतली की पिशवी तळव्यात जिवंत असल्यासारखी कलंडायची.

“वन्सं, या तुम्ही शिवल्यात?” सकाळी वहिनीनं विचारलं होतं.

“का गं?”

“टाके बघून वाटलंच. इमारतीचे तरी नीट घाला.”

कित्येक महिन्यांनी वहिनी अशी थट्टेनं बोलली होती. आर्किटेक्टला केवढं बरं वाटलं. कारण हल्ली घरात वहिनीच्या तोंडून चार शब्द बाहेर पडले तरी खूप. बेसिनपाशी ती हात धूत बसे, पाणी वाहत राही. लेक धावत आली की हात मागं घेई. भाऊ म्हणायचा, “दमलीय ती, दुसरं काही नाही.” पण दमलेलं माणूस झोपतं, आणि वहिनी छताकडं बघत पडलेली असे.

“बराच वेळ झाला, नाही?” बंद दारापुढं उभी आर्किटेक्ट संचालकांना म्हणाली.

“काम मन लावून करतात त्या.” ते भिंतीला टेकून उभे होते. “मॅडम, तुम्हाला वाटतं मी हट्टी आहे. पण उंदरांवरच्या प्रयोगांचा एक फोटो बाहेर गेला की माझ्या माणसांच्या दारावर दगड पडतात. मागं पडलेत. त्या खिडकीची मला भीती वाटते. आणि तुमच्या वहिनींची काही हरकत नाही. मीटिंगमध्ये विचारलं, तर काहीच बोलल्या नाहीत.”

“ती हल्ली घरीही काही बोलत नाही.”

कॉरिडॉरच्या टोकाला गवंडीकाका घमेल्यात थापी फिरवत होते. “ताई, सिमेंटचा माल आवळायला लागलाय. विटा लावू का?”

“थांबा, काका.”

तिनं दाराला कान लावला. गार पत्रा आणि स्वतःच्याच रक्ताची धडधड. मूठ आपटली, आवाज अस्तरानं गिळून टाकला. आत कुणी पडलं, ओरडलं, रडलं, तरी बाहेर तिघं माणसं अशीच गप्पा मारत उभी राहतील. आणि ही खोली आपण बांधली. तिनं दाराचा दांडा खाली दाबला.

वहिनी टेबलाशी बसली होती. हातमोजे घातलेले, पाठ ताठ. पिशव्या ओळीनं नीट निजवलेल्या होत्या, बाळं निजवावीत तशा. शेवटच्या काही मात्र फुटल्या होत्या. टाके उसवून वाळू टेबलावर पसरली होती, आणि वहिनीची मूठ एका पिशवीभोवती अजून आवळलेलीच होती.

“वहिनी?”

तिनं वळून पाहिलं. आधी नणंदेकडं, मग दारात आलेल्या संचालकांकडं. मूठ उघडायला तिला दुसऱ्या हातानं एकेक बोट सोडवावं लागलं.

“टाके कच्चे होते माझे,” आर्किटेक्ट घाईनं म्हणाली.

“नाही, वन्सं. टाके पक्के होते.”

“मग सांग ना. खोली अंधारी आहे का? हवा कमी पडते?”

“खोलीत काही खोट नाही.” वहिनी संचालकांकडं वळली. “सर, जुन्या जागेत माझ्यासमोर काच होती. पलीकडं चहाचं टेबल. झाडणाऱ्या मावशी जाता-येता बघायच्या. कुणी बघतंय म्हटलं की मी उंदराला आधी तळव्यावर घ्यायची, शांत करायची, मगच. मग तुम्ही त्या काचेला काळा कागद लावलात.”

संचालकांची नजर खिडकीवरच्या फळ्यांकडं गेली.

“त्या दिवसापासून माझा हात बदललाय. आधी घाई होऊ लागली. मग चीड. आता ते तडफडले तरी मला काही वाटत नाही, आणि ते कुणाला दिसतही नाही. त्याच हातानं मी घरी लेकीची वेणी घालते.” तिनं वाळूकडं बोट केलं. “हे मी मुद्दाम केलं नाही, वन्सं. हात आपोआप आवळला. मला त्या उंदरांची भीती नाही वाटत, अंधाराचीही नाही. बंद खोलीत मी एकटी असले की मला माझीच भीती वाटते. खिडकी बुजवू नका.”