साहेबांच्या गाडीचं कव्हर

गाडीला कव्हर घ्यायचं तर त्यात काय एवढं, असं कुणालाही वाटेल. दुकानात जायचं, मापाचं उचलायचं, घरी येऊन गाडीवर ओढायचं. मावशींनी मात्र त्यासाठी साहेबांना चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि दोन गल्ल्या ढकलत थेट दुकानापर्यंत नेलं. वाटेत ओळखीच्या तिघीचौघींनी विचारलं, तेव्हा मावशी म्हणाल्या, "त्यांच्या गाडीचं काम आहे. त्यांना विचारल्याशिवाय कसं करू?" त्या बायकांना अगदी गहिवरून आलं.

साहेब म्हणजे मावशींचे यजमान. सगळी नोकरी त्यांनी वाहन परवान्याच्या कचेरीत परीक्षक म्हणून काढली. शिकाऊ माणसाला गाडी चालवायला लावायची, शेजारी बसून बघायचं, आणि पास की नापास ते कागदावर लिहायचं. नापास करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. निवृत्त झाले तरी नाकावर माशी बसू देत नव्हते. सात महिन्यांपूर्वी एका सकाळी दाढी करता करता कोसळले, ते उजवी बाजू आणि वाचा दोन्ही घालवून बसले. समजत मात्र सगळं होतं. डॉक्टरांनी तसं दोनदा बजावून सांगितलं होतं आणि मावशींनी ते नीट ध्यानात ठेवलं होतं.

आणि गाडी म्हणजे साहेबांचा जीव. बाटलीसारखा हिरवा रंग, एकोणीस वर्षांची, अंगावर एक ओरखडा नाही. दर रविवारी स्वतः धुणार, जुन्या बनियनने दारांची रबरं पुसणार, मग चहा. ती उभी असायची घराच्या पोर्चमध्ये. पण खुर्ची आत-बाहेर न्यायला सिमेंटचा उतार बांधावा लागला आणि त्या उताराने पोर्चची जागा खाल्ली. गाडी बाहेर आली, कुंपणाच्या भिंतीला लागून, झाडाखाली, उघड्यावर. म्हणून हे कव्हर.

दुकानदार भला माणूस होता. त्याने आधी गाडीचं मॉडेल विचारलं, मग विचारलं, "गाडी रोज काढता का?"

"नाही हो," मावशी म्हणाल्या. "हे बरे होईपर्यंत उभीच."

"उघड्यावर?"

"उघड्यावर, झाडाखाली."

"मग हे घ्या." त्याने करड्या रंगाचं एक कव्हर काउंटरवर पसरलं. "तीन थर आहेत. बाहेरचं पाणी आत जात नाही आणि आतली वाफ बाहेर निघते. हवा खेळती राहते. आतून मऊ अस्तर, आरशांना वेगळे खिसे, खाली इलॅस्टिक आणि पोटाखालून पट्टा. वाऱ्याने उडायचं नाही."

साहेबांचा डावा हात वर आला. त्यांनी अस्तर दोन बोटांत धरून चोळून पाहिलं आणि जोरजोरात मान हलवली. सात महिन्यांत त्यांच्यापुढे पहिल्यांदाच कुणीतरी निवडीची गोष्ट ठेवली होती. चेहरा कसा उजळला होता.

"आणि ते निळं?" मावशींनी वर टांगलेल्या एका चकचकीत कव्हराकडे बोट केलं.

"ते प्लास्टिकचं. दिसायला दणकट, पण खरं सांगू का, ते एखाद-दोन दिवसांपुरतं. महिनोन् महिने ठेवलं तर आत घाम सुटतो. रंगाला फोड येतात, दारांना खालून गंज धरतो, सीटांना बुरशी. त्यातून गाडी ओली असताना घातलं तर बघायलाच नको. आतल्या आत कुजते."

मावशींनी साहेबांकडे पाहिलं.

मावशी पस्तिशीच्या असताना त्यांनी गाडी शिकायचं मनावर घेतलं होतं. रीतसर शिकवणी लावली. परीक्षा घ्यायला कचेरीत दुसरे एक परीक्षक होते, पण साहेब म्हणाले, त्यांनी पास केलं तर लोक म्हणतील साहेबांच्या बायकोला सूट दिली, आणि स्वतःच शेजारी बसले. पहिल्या वेळी इंजिन बंद पडलं. दुसऱ्या वेळी गाडी मागे घेताना परीक्षेसाठी रोवलेला एक खांब पडला. दोन्ही वेळा मावशींची चूक होती आणि त्यांनी ती मुकाट मान्य केली. तिसऱ्या वेळी त्यांनी गाडी खांबांमधून मागे घेतली ती दोरी लावल्यासारखी सरळ. खांब आणि बंपर यांच्यात वीतभर अंतर होतं, त्यांनी आरशात स्वतः पाहिलं होतं. साहेब म्हणाले, "खांब हलला."

"नाही हलला."

"परीक्षक कोण आहे?" असं साहेबांनी विचारलं आणि रांगेत उभी असलेली माणसं हसली. मावशी गाडीतून उतरल्या त्या पुन्हा कधी त्या जागेवर बसल्या नाहीत.

एवढ्यावर भागलं असतं तर मावशींनी ते गिळलंही असतं. पण पुढे पंचवीस-सव्वीस वर्षं घरात जो पाहुणा येईल त्याला साहेबांनी हा किस्सा ऐकवला. आमच्या हिला बघून खांब आपोआप आडवे होतात, म्हणायचे. मावशी चहाचा ट्रे धरून हसायच्या. आणि ज्या दुपारी आईची तब्येत बिघडल्याचा फोन आला, तेव्हा साहेब कामासाठी परगावी होते, गाडी पोर्चमध्ये होती, किल्ली खणात होती. मावशी रस्त्यावर उभ्या राहून मिळेल त्या वाहनाला हात करत होत्या. पोचल्या तेव्हा आईला जाऊन तास झाला होता. परत आल्यावर साहेब काय म्हणाले? "तू चालवत नेली असतीस तर दोघींचं एकदम उरकावं लागलं असतं." गंमत म्हणून म्हणाले. मावशी त्या दिवशी रडल्या नाहीत. हे सगळं आत साठत गेलं.

"निळं द्या," मावशी म्हणाल्या.

"अहो मावशी, मी सांगितलं ना—"

"रंग छान आहे. ह्यांना निळा आवडतो."

साहेबांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटला. घशातून घोगरा आवाज निघाला, एकदा, दोनदा. त्यांनी करड्या कव्हराचं टोक पकडलं ते सोडेनात. दुकानदार अवघडला. "साहेबांना हे हवंय असं दिसतंय."

"त्यांना आता धड कळत नाही हो," मावशी म्हणाल्या. सात महिन्यांत हे वाक्य त्या पहिल्यांदाच बोलल्या, तेही साहेबांच्या तोंडावर. मग त्यांनी खाली वाकून साहेबांची बोटं एक एक करून कापडावरून सोडवली, अगदी हळुवार. दुकानदाराने निळ्या कव्हराची घडी घालून दिली. मावशींनी ती साहेबांच्या मांडीवर ठेवली आणि घरापर्यंत ती साहेबांनीच वाहून आणली.

घरी आल्यावर मावशींनी नळाला पाइप लावला. साहेबांना खिडकीशी बसवलं, पडदा पूर्ण बाजूला सारला आणि गाडी चकाचक धुतली. "स्वच्छ करून ठेवते हं!" असं बाहेरून ओरडून सांगितलंही. पुसली मात्र नाही. पाणी निथळत असतानाच कव्हर ओढलं, पट्टा पोटाखालून घेतला, बकल अडकवलं. साहेब काचेवर तळहात मारत होते. शेजारीण दारात उभी होती, ती म्हणाली, "किती करता हो त्यांचं!"

साहेबांना व्यायाम द्यायला एक फिजिओ बाई यायच्या. पन्नाशीच्या, कडक, पण मनाने लोण्याच्या. सुरुवातीचे महिने त्या साहेबांपुढे हात टेकून बसल्या होत्या, कारण साहेब बोटसुद्धा उचलायला तयार नसायचे. त्या आठवड्यापासून साहेब बदलले. रोज पावणेदहाला दाराकडे बघत बसायचे. बाईंनी त्यांच्या हातात स्टीलची ताटली दिली, स्टिअरिंगसारखी धरायला. उजव्या पायाखाली स्पंज ठेवला, ब्रेक म्हणून दाबायला. साहेब घामाघूम व्हायचे, दातओठ खायचे, पण थांबायचे नाहीत.

"ह्यांचं औषध बाहेर उभं आहे बघा," बाई खिडकीकडे बघत म्हणाल्या. "ती गाडी तेवढी नीट सांभाळा, मावशी. त्या आशेवर हा माणूस उठेल."

मावशींना खरं कारण ठाऊक होतं. साहेबांना गाडी चालवायची नव्हती, आधी ते कव्हर काढायचं होतं. ते दिवस मोजत होते. जितक्या लवकर आपण उठू तितकी गाडी वाचेल, एवढा एकच हिशेब त्यांच्या डोक्यात चालू होता. आणि मावशींनाही तेच हवं होतं. साहेबांनी उठावं, आपल्या पायांनी चालत जावं, आपल्या हातांनी ते बकल सोडावं. खुर्चीत बसून बघितलेलं चालणार नव्हतं. म्हणून बाई गेल्यावरही मावशी दिवसातून दोनदा साहेबांकडून व्यायाम करून घेत. पायाला तेल चोळत, ताटली धरायला लावत, पडू लागले की स्वतःच्या अंगावर तोलून घेत. अशी सेवा करणारी बायको लाखात एक, असं गल्लीत बोललं जाऊ लागलं.

मग पाऊस लागला. दर रविवारी, साहेबांच्या गाडी धुण्याच्या वेळेला, मावशी छत्री घेऊन बाहेर जात, खिडकीकडे पाठ करून कव्हराचं टोक उचलत आणि बादलीभर पाणी आत ओतून टोक खाली सोडत. दुसऱ्या महिन्यात आतून कुबट भपकारा आला. त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. तेव्हा थांबता आलं असतं. करडं कव्हर आणता आलं असतं, दारं उघडी टाकून गाडी उन्हाला लावता आली असती. मावशींच्या मनात ते आलंही. मग त्यांना आईचं अंथरूण आठवलं आणि त्यांनी राहिलेली बादली ओतली.

पाचव्या महिन्यात साहेब काठी टेकत उतारावरून खाली उतरले. फिजिओ बाई एका बाजूला, मावशी दुसऱ्या बाजूला, पण हात कुणी लावला नाही. शेजारचे चार लोक बघायला आले होते. उतार, मग फाटक, मग भिंतीच्या कडेने एकवीस पावलं. साहेबांनी काठी डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताने, त्या मेलेल्या हाताने, बकल सोडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फिजिओ बाईंनी डोळे पुसले.

साहेबांनी कव्हर ओढलं.

बॉनेटवर रंगाचे फोड आले होते, रुपयाएवढे, काही फुटलेले. छतावर प्लास्टिक चिकटून रंगाचे पापुद्रे निघाले होते. दाराच्या खालच्या कडेला पत्रा इतका खाल्ला होता की साहेबांनी दार उघडलं तसा त्याचा तुकडा त्यांच्या चपलेवर पडला. आत सीटांवर करडी लव वाढली होती. स्टिअरिंगवरही तीच. वास असा की शेजारी दोन पावलं मागे सरले. टाळ्या कधीच थांबल्या होत्या.

"पण कव्हर तर होतं ना?" फिजिओ बाईंनी विचारलं.

"होतं की," मावशी म्हणाल्या. "आम्ही दोघांनी जाऊन आणलं."

साहेबांनी वळून मावशींकडे पाहिलं. याच नजरेसाठी त्या पाच महिने राबल्या होत्या. त्यांनी ती पुरती डोळ्यात भरून घेतली, अगदी चवीने, आणि खोटं कशाला बोला, त्यांना फार बरं वाटलं. आयुष्यात इतकं बरं क्वचितच वाटलं असेल. मग साहेबांनी काठी सोडून दिली आणि ते रस्त्यावर खाली बसले. चौघांनी उचलून आत आणावं लागलं.

दुसऱ्या दिवशी पावणेदहाला फिजिओ बाई आल्या. ताटली साहेबांच्या हातातून घरंगळली. पुन्हा दिली, पुन्हा घरंगळली. पंधरा दिवस हेच चाललं. शेवटी बाईंनी पिशवी आवरली. "मावशी, ह्यांना जमत नाही असं नाही. त्यांना करायचंच नाही. माझं येणं आता फुकट आहे."

साहेब आता कूससुद्धा स्वतः बदलत नव्हते. डावा हात धडधाकट असून घास मावशींनी भरवायचा. अंघोळ, कपडे, भांडं, सगळं मावशींनी. दिवसातून सहा वेळा ते जड अंग उचलून वळवायचं. महिन्याभरात मावशींच्या कमरेने दगा दिला. "अहो, उठा ना," त्या म्हणू लागल्या. आधी रागाने, मग गोड बोलून, मग एका दुपारी चक्क पाय धरून. "दुसरी गाडी आणू. तुम्हीच निवडा. पण उठा." साहेब छताकडे बघत राहिले.

दोन महिन्यांनी मावशींनी डॉक्टरांना घरी बोलावलं. माणूस असा पडून राहिला, बोलत नाही, हलत नाही, तेव्हा काय ते एकदा स्पष्ट कळावं, असं त्यांना वाटत होतं. डॉक्टरांनी छाती तपासली, रक्तदाब बघितला, कुशीवर वळवून पाठ पाहिली. पडून राहिल्याची एकही जखम नव्हती, मावशी तेवढं राखून होत्या.

"किती दिवस आहेत, डॉक्टर?" मावशींनी हळूच विचारलं. "मला खरं सांगा. मनाची तयारी आहे माझी."

डॉक्टर हसले आणि त्यांनी मावशींच्या खांद्यावर हात ठेवला. "भलतंच काय बोलता? हृदय ठणठणीत आहे, फुप्फुसं स्वच्छ आहेत. तुमच्यासारखी काळजी घेणारी असली तर पंधरा-वीस वर्षं कुठे गेली नाहीत. सेवेला फळ आलंय तुमच्या."

मावशींनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांच्या तोंडाची डावी बाजू अजून चालत होती. ती हसत होती.