विहिणीच्या बांबूतला भुंगेरा

दोन हजार सहा सालच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. नारपोलीच्या गोदूबाईंकडे लेक रुचिका पहिल्या बाळंतपणाला आली होती. नात झाली. लग्नानंतर लेक प्रथमच अशी निवांत हाताशी लागलेली, तेव्हा तीन महिने तरी दोघींना ठेवून घ्यायचं, असं गोदूबाईंनी मनाशी धरलं होतं.

झोळी टांगायला शेलार गावच्या विहिणीनं, बायजाबाईंनी, मोठ्या कौतुकानं घरच्या बेटातला बांबू पाठवला होता. दीड महिन्यांनी त्या नातीला बघायला आल्या. झोळीत वाकल्या, तर दुपट्यावर बारीक भुकटी.

भिंतीपलीकडे शेजारच्या लडकूशेटचे कापड विणायचे लूम खडखडत होते. नारपोलीत धूळ म्हणजे लूमचीच. गोदूबाईही रोज दुपटं झटकत आणि लडकूशेटला खिडकी लावून घ्यायला सांगत.

"विहीणबाय, ही धूळ पोरीच्या नाकान जातंय," बायजाबाई म्हणाल्या. "आमचे शेलारला असला काय न्हाय. उद्याच नेनार दोघींना."

गोदूबाई नातीच्या लंगोट्यांच्या घड्या घालून पिशवीत भरायला लागल्या. तेवढ्यात वीज गेली नि लूम थांबले. रुचिकानं धुतलेलं दुपटं अंथरलं, झोका दिला, आणि त्यावर पुन्हा भुकटी पडली. पिवळट. वरून कुरकुर ऐकू येत होती.

तिघींनी माना वर केल्या. बांबूला गोल भोक पडलं होतं. त्यातून दोन लांब मिशा आल्या, मागोमाग काळ्या वळ्यांचा पिवळाधमक भुंगेरा. तोडलेल्या बांबूत याची अळी महिनोन्‌महिने पोखरत वाढते, भुगा मागे ठेवते आणि भुंगेरा होऊन फुलांकडे जाते. हाही उडाला, तो दारातल्या कढीपत्त्याच्या फुलांवर बसून पराग खाऊ लागला.

"लडकूचे लूमचाच दिसतंय," गोदूबाई गंभीरपणे म्हणाल्या.

बायजाबाईंनी पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले तेव्हा कळलं, त्या हसताहेत.

"ऱ्हाऊ दे पोरींना," त्या म्हणाल्या. "बांबू तेवढा मी परत नेतंय."

झोळी मग लडकूशेटनं दिलेल्या लोखंडी पाइपावर हलली आणि मायलेकी चांगल्या तीन महिने राहिल्या. बांबू शेलारला घेवड्याच्या मांडवात मोडला. लडकूशेटनं पुढे लूम विकले. बायजाबाई आता नाहीत. रुचिका शेलारलाच असते. नात मृणाली कॉलेजात जाते, आणि कढीपत्ता फुलला की गोदूबाई तिला फोन करून, तुझ्या शेलारच्या आजीकडचं कुणी फुलांवर आलंय का ते बघून सांगतात.